हवेचा हिशेब: बुडालेल्या जहाजावर किती वेळ थांबता येतं?

तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, इजिप्तच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, 'थिसलगॉर्म' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज तळाला टेकून उभं आहे. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. मागच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, दारूगोळा भरलेला होता. तो उडाला आणि जहाज बघता बघता खाली गेलं. नऊ माणसं दगावली. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या सैन्यासाठी निघालेला माल मात्र पोटात तसाच राहिला. ट्रक, मोटरसायकली, रायफली, रबरी गमबूट असं बरंच काही. डेकवर वाफेची दोन रेल्वे इंजिनंही बांधलेली होती. ती स्फोटाने उडाली आणि आज शेजारच्या वाळूत पडलेली आहेत.

जगभरातले डायव्हर हे जहाज बघायला जातात. जहाजाचा वरचा भाग पाण्याखाली सोळा-सतरा मीटरवर आहे आणि तळ साधारण ३० मीटरवर. ३० मीटर म्हणजे जमिनीवर धावत पाच सेकंदांचं अंतर. तरीही तिथे पोचलेल्या माणसाला जेमतेम वीस मिनिटं मिळतात. ही वीस मिनिटं कुठून आली, हे एकदा नीट समजलं की स्कूबा डायव्हिंगचे जवळजवळ सगळे नियम पाठ न करताही कळतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पाठीवरची नेहमीची टाकी १२ लिटरची असते. तिच्यात हवा २०० बार दाबाने कोंबलेली असते, म्हणजे आपल्या रोजच्या हवेच्या साधारण २०० पट दाबाने. १२ गुणिले २०० म्हणजे २,४०० लिटर हवा. पाण्यात निवांत पाय मारणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरू. मग टाकी दोन तास पुरायला हवी. पुरत नाही, आणि त्याला कारण पाण्याचं वजन.

समुद्रसपाटीवर आपल्या डोक्यावर हवेचा कित्येक किलोमीटर उंच थर असतो. त्या अख्ख्या थराचा मिळून जो दाब पडतो, त्याला एक वातावरण म्हणतात. तेवढाच दाब द्यायला समुद्राचं पाणी फक्त १० मीटर पुरतं. म्हणजे १० मीटर खाली गेलं की अंगावर दोन वातावरणं, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार. हाडं, मांस, रक्त यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण त्यात मुख्यतः पाणीच आहे आणि पाणी दाबलं जात नाही. दाबली जाते ती हवा. शरीरात जिथे जिथे हवा आहे तिथे तिथे, म्हणजे फुफ्फुसं, कान आणि नाकामागच्या पोकळ्या यांत, डायव्हिंगची सगळी गंमत आहे आणि सगळा धोकाही.

लांब नळी तोंडात धरून तळाशी का जाता येत नाही, हा प्रश्न लहानपणी अनेकांना पडतो. नळीतून येते ती पृष्ठभागावरची, एका वातावरणाची हवा. छातीवर मात्र बाहेरून पाण्याचा जास्तीचा दाब असतो. एखाद्या मीटरवरच छाती फुगवणं जड जातं, आणि त्याखाली बरगड्यांचे स्नायू हरतात. तेव्हा खोल पाण्यात श्वास घ्यायचा तर तिथल्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळायला हवी, तीही मागितली तेव्हाच आणि हवी तेवढीच. हे काम रेग्युलेटर करतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कूस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी मिळून तो तयार केला. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, गाड्या गॅसवर चालवल्या जात होत्या, आणि गान्यांने अशा गाड्यांसाठी एक झडप बनवली होती. तीच कल्पना माणसाच्या तोंडापर्यंत आली. पुढे याच कूस्तोने थिसलगॉर्मवर डाइव्ह केली आणि तिथल्या काही वस्तू वरही आणल्या. त्यावर पुढे बोलूच.

आता हिशेब पुरा करू. ३० मीटरवर रेग्युलेटर चार वातावरणांच्या दाबाची हवा देतो. श्वास तेवढाच, पण त्यात हवा चौपट कोंबलेली. मिनिटाला २० ऐवजी ८० लिटर खर्च. २,४०० भागिले ८० म्हणजे ३० मिनिटं. शिवाय टाकी रिकामी करून कोणी वर येत नाही. अडीअडचणीला ५० बार राखून ठेवायचे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ते ६०० लिटर वजा केले की उरतात १,८००, म्हणजे साडेबावीस मिनिटं. त्यात खाली जायला आणि वर यायला लागणारी हवाही आली. घाबरलेला, धापा टाकणारा किंवा प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस यापेक्षा सहज दुप्पट हवा संपवतो. अनुभवी डायव्हर पाण्यात आळशी दिसतात, हात पोटावर बांधून तरंगत राहतात. ते ऐटीत नसतात, हवा वाचवत असतात.

पहिले दहा मीटर

खोल म्हणजे धोकादायक आणि उथळ म्हणजे सुरक्षित, असं सगळ्यांनाच वाटतं. हवेच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. ३० वरून ४० मीटरवर गेलात तर दाब चारवरून पाच होतो, म्हणजे चतुर्थांशाने वाढतो. पृष्ठभागावरून १० मीटरवर गेलात तर तो एकदम दुप्पट होतो. उंचीतला फरक तेवढाच, पण हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा बदल या वरच्या पट्ट्यात घडतो.

म्हणून कान दुखतो तो खाली उतरायला लागल्याबरोबर, पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच. पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशाकडून कानात हवा जाते आणि दुखणं थांबतं. ही फुंकर दुखण्याआधी मारायची असते. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकणं म्हणजे पडद्याशी भांडण. सर्दी असताना डाइव्ह करू नये, हा नियमही यातूनच येतो.

वर येताना उलटं घडतं. समजा, १० मीटरवर कोणी छाती भरून सहा लिटर हवा घेतली, श्वास कोंडला आणि वर आला. पृष्ठभागावर त्या सहा लिटरची बारा लिटर होऊ पाहते. छातीत एवढी जागा नसते. फुफ्फुसाची जाळी फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पोहण्याच्या तलावाइतक्या उथळ पाण्यातही, टाकीतल्या हवेने भरलेली छाती कोंडून वर आल्यास हे होऊ शकतं. 'श्वास कधीही कोंडायचा नाही' हे स्कूबाचं पहिलं वाक्य म्हणून शिकवतात ते यामुळे. गंमत अशी की लहानपणापासून पाण्यात डोकं घालताना आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो, आणि ती सवय मोडायला वेळ लागतो.

मुरलेला नायट्रोजन

हवा पुरली तरी वेळ अमर्याद नसतो. दुसरं घड्याळ चालू असतं ते नायट्रोजनचं.

आपण घेतो त्या हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन. जमिनीवर तो शरीराच्या कामाचा नाही, आत जातो तसा बाहेर येतो. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि तिथून मांसात, चरबीत, कूर्चेत मुरायला लागतो. रक्तात आणि मेंदूत भराभर, चरबीत सावकाश. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. मुरण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते बाहेर पडताना. सावकाश वर आलं तर मुरलेला वायू रक्तावाटे फुफ्फुसांत येतो आणि श्वासासोबत निघून जातो. घाईने आलं तर तो असेल तिथेच बुडबुडे धरतो. सांध्यात धरले तर असह्य वेदना, मज्जारज्जूत धरले तर पाय लुळे. याला डॉक्टर डीकंप्रेशन आजार म्हणतात आणि डायव्हर 'बेंड्स'. उपचार म्हणजे माणसाला दाबकक्षात ठेवून पुन्हा दाब वाढवायचा, ऑक्सिजन द्यायचा आणि मग हळूहळू दाब उतरवायचा.

डायव्हिंग हा छंद होण्याच्या कितीतरी आधी हा आजार पुलाच्या पायात भेटला. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पुलाचे खांब उभारताना मजूर नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या बंद पेट्यांत खोदकाम करत. वर आल्यावर त्यांचे सांधे धरत, काही जण दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या आजाराने अंथरुणाला खिळला आणि बांधकामाची बरीच देखरेख त्याची बायको एमिली हिने केली.

यातून मार्ग काढला तो जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने, तोही बकऱ्यांच्या मदतीने. बकऱ्यांना दाबकक्षात ठेवायचं, दाब उतरवायचा आणि बघायचं. बकरीला दुखलं की ती पाय उचलून धरते, हे बाहेरून लगेच दिसतं. त्याच्या लक्षात आलं की दाब दोन वातावरणांवरून एकावर आणला तर बकऱ्यांना काही होत नाही. म्हणून चाळीस मीटरवरून सरळ वर यायचं नाही. दाब आधी निम्म्यावर आणायचा, थांबायचं, मग पुढे. १९०८ मध्ये त्याने ही टप्प्याटप्प्याची कोष्टकं प्रसिद्ध केली आणि ब्रिटिश नौदलाने ती वापरायला घेतली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी जी आकडेमोड करतो, तिचा मूळ सांगाडा त्या बकऱ्यांवरूनच आला.

छंद म्हणून डाइव्ह करणारा माणूस सहसा अशी मर्यादा पाळतो की थांबे घ्यावेच लागू नयेत. ३० मीटरवर साध्या हवेने ही मर्यादा साधारण १५ ते २० मिनिटं येते. म्हणजे टाकी आणि नायट्रोजन, दोन्ही घड्याळं जवळपास एकाच वेळी वाजतात. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग घ्यायचा नाही आणि तरीही ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ती तीन मिनिटं सक्तीची नसतात, पण समजूतदार डायव्हर ती कधी चुकवत नाही. मुरलेला नायट्रोजन पुढचे काही तास अंगात असतोच. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो.

याच नायट्रोजनची आणखी एक खोड. साधारण ३० मीटरच्या पुढे तो डोक्यात भिनतो. दोन पेग झाल्यासारखं वाटतं. कोणाला सगळं विनोदी वाटायला लागतं, कोणाला उगाच भीती, कोणी आपल्याच मीटरवरचा आकडा तीनदा वाचतो. काही मीटर वर आलं की नशा उतरते आणि मागे काही राहत नाही. धोका हा, की तेवढ्या वेळात माणूस हिशेबच विसरतो.

नायट्रोजनच्या घड्याळावर एक उतारा म्हणजे नायट्रॉक्स. टाकीत ऑक्सिजन २१ ऐवजी ३२ टक्के घालायचा, म्हणजे नायट्रोजनचा वाटा आपोआप घटतो आणि ३० मीटरवर थांबण्याची मुदत वाढते. अनेकांची समजूत असते की नायट्रॉक्स खोल जाण्यासाठी असतं. उलट आहे. जास्त दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो, झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातला रेग्युलेटर सुटणं. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाने साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नसतं. थिसलगॉर्मचा तळ ३० वर, त्यामुळे तिथे हे मिश्रण चपखल बसतं.

आत शिरावं का?

जहाजाबाहेरून फिरणं आणि जहाजात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर काही बिघडलं तर डोक्यावर मोकळं पाणी असतं. आत डोक्यावर पोलाद असतं. वर जाण्याआधी आडवं बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायचा रस्ता आधी दिसायला हवा.

तो दिसेनासा व्हायला फार काही लागत नाही. वर्षानुवर्षं साचलेला पिठासारखा गाळ तळावर असतो. पायातल्या फिनची एक बेसावध लाथ बसली की तो उठतो, आणि अर्ध्या मिनिटात स्वतःचा हात दिसत नाही. पाय वर उचलून, गुडघ्यातून बेडकासारखी हालचाल करत जायला शिकवतात ते यासाठी. पण गाळ न उडवताही अंधार होऊ शकतो. सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताला आदळतात आणि छताचा गंज पापुद्र्यांनी खाली झरतो. त्यात जहाज आडवं पडलेलं असेल तर दरवाजे जमिनीत आणि छतात, जिने भिंतीला. आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत, हे मेंदूला उमगत नाही.

म्हणून आत जाणारे दोरी सोडत जातात, म्हणजे डोळे मिटले तरी हाताला रस्ता राहतो. आणि हवेचे तीन वाटे करतात. एक जायला, एक यायला, एक तिसरा कोणाचं काही चुकलं तर त्याच्यासाठी. सुरुवातीच्या प्रशिक्षणात १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या टप्प्यात ३०, आणि हौशी डायव्हिंगची एकूण मर्यादा ४० मीटर. जहाजात शिरण्याचं प्रशिक्षण याहून वेगळं असतं आणि ते घेतल्याशिवाय, बाहेरचा उजेड जिथवर दिसतो त्याच्या पलीकडे जाऊ नये. मला विचाराल तर बहुतेक जहाजांवर पाहण्यासारखं निम्म्याहून जास्त बाहेरच असतं.

बाहेर जाताना टॉर्च मात्र दिवसाही हवा. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळतं, काही मीटरमध्येच. मग नारिंगी, मग पिवळा. ३० मीटरवर सगळं निळसर करडं दिसतं, बोटाला खरचटलं तर रक्तही काळपट हिरवं. टॉर्च लावला की त्याच करड्या कठड्यावर लालभडक मऊ प्रवाळ पेटल्यासारखं उठतं. ते रंग तिथे होतेच, फक्त उजेड पोचत नव्हता.

लोखंडाचा खडक कसा होतो

उबदार समुद्रात दिसणारी बुडालेली जहाजं बहुतेक लोखंडी किंवा पोलादी असतात. लाकडी जहाजं बुडाली नाहीत असं नाही, ती खाल्ली गेली. टेरेडो नावाचा एक प्राणी आहे. दिसतो किड्यासारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. तो लाकूड पोखरून त्यातच राहतो. उघडं पडलेलं लाकूड काही वर्षांत भुसभुशीत होऊन जातं. बाल्टिक समुद्राचं पाणी पुरेसं खारट नाही, तिथे हा प्राणी तग धरत नाही, म्हणून १६२८ साली बुडालेलं 'वासा' हे स्वीडिश लाकडी जहाज १९६१ मध्ये जवळपास सगळं वर काढता आलं. उबदार पाण्यात गाळाखाली गाडलं गेलेलं तेवढं लाकूड वाचतं.

पोलादाचं वेगळं. ते पाण्यात पडल्यावर तासांत त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. हा थर म्हणजे येणाऱ्यांसाठी सारवलेली जमीन. प्रवाळ, शिंपले, बार्नकल, स्पंज यांची पिल्लं पाण्यात तरंगत असतात आणि त्यांना टेकायला काहीतरी घट्ट लागतं. मैलोन्‌मैल वाळूच असेल तर ती कुठेच टेकू शकत नाहीत. एक जहाज बुडतं आणि अचानक तिथे भिंत, कडा, छप्पर, गुहा असं सगळं तयार होतं. प्रवाह त्याच्यावर आदळून घुमतो, सोबत खाणं आणतो. लहान मासे आडोशाला येतात, त्यांच्यामागे मोठे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल शहराच्या परिसरात 'योंगाला' हे प्रवासी जहाज आहे. ते १९११ च्या मार्चमध्ये चक्रीवादळात सगळ्या १२२ जणांसह बुडालं आणि १९५८ पर्यंत नेमकं कुठे आहे ते ओळखता आलं नव्हतं. आज ते प्रवाळाने इतकं मढलं आहे की पोलाद शोधावं लागतं. भोवती सपाट वाळू असल्यामुळे त्या टापूतले प्रचंड हेकरू, समुद्री कासवं, वाघळ्या, समुद्री साप सगळे तिथेच गोळा झालेले असतात.

हे पाहून माणसाने जहाजं मुद्दाम बुडवायला सुरुवात केली. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ २००६ मध्ये 'ओरिस्कनी' ही अख्खी विमानवाहू नौका बुडवली गेली. बुडवण्याआधी इंधन, तेल, ॲस्बेस्टॉस, विषारी तारा काढाव्या लागतात, आणि डायव्हर अडकू नयेत म्हणून दारं काढून भिंतींना वाटा पाडतात. नियोजन करूनही जहाज ऐकेलच असं नाही. २००२ मध्ये फ्लोरिडातच 'स्पीगल ग्रोव्ह' हे नौदलाचं जहाज बुडवताना ठरल्या वेळेआधीच उलटलं आणि पुढचा भाग पाण्याबाहेर काढून अडकून राहिलं. खटपट करून त्याला आडवं निजवलं. तीन वर्षांनी डेनिस नावाचं चक्रीवादळ आलं आणि १५५ मीटर लांबीचं ते जहाज वादळाने सरळ उभं केलं. माणसाला जे जमलं नव्हतं ते फुकटात झालं.

बालीच्या तुलांबेनजवळच्या 'लिबर्टी'ची कथा याहून भारी. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर ते किनाऱ्यावर ओढून आणलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी ते पुन्हा समुद्रात घसरलं. आता किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं आणि थोडं पोहायचं, की जहाज आलं.

मात्र 'जहाज बुडवा, प्रवाळ वाढवा' हे समीकरण मला तितकंसं पटत नाही. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांनीच विचारलेला आहे: जहाजाभोवती दिसणारे मासे तिथे नव्याने वाढले, की आजूबाजूचे येऊन गोळा झाले? गोळाच झाले असतील तर जहाजाने समुद्राला काही दिलं नाही, उलट मासेमारांचं काम सोपं केलं. दुसरं म्हणजे लोखंडच काही ठिकाणी घात करतं. पॅसिफिकच्या मधोमध, जिथे पाण्यात लोह अगदी नगण्य असतं, अशा पामायरा प्रवाळद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज अडकून बुडालं. झिरपणाऱ्या लोहाने प्रवाळाला नव्हे, प्रवाळासारख्याच दिसणाऱ्या एका आक्रमक प्राण्याला खतपाणी मिळालं. त्याने मूळ प्रवाळ झाकून टाकला, आणि शेवटी ते जहाज तुकडे करून काढून न्यावं लागलं. तिसरं उदाहरण तर शरमेचं आहे. १९७० च्या दशकात फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले, मासे वाढतील म्हणून. बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर मोकळे झाले आणि लाटांनी ते शेजारच्या खऱ्या प्रवाळावर घासत नेले. ते काढण्याचं काम अजून पुरतं झालेलं नाही.

खरी प्रवाळभित्ती ही वेगळी चीज आहे. ती वाढते. पॉलिप नावाचे मऊ, इवलेसे प्राणी पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली घर बांधतात, मेल्यावर दुसरे त्यावर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हात अन्न तयार करून बहुतेक खर्च तेच भागवतं. म्हणून भित्ती उथळ, उजेडाच्या, स्वच्छ पाण्यात. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलं, तरी पॉलिप ते शैवाल बाहेर टाकतात, प्रवाळ पांढरंफटक पडतं आणि लवकर थंडावा मिळाला नाही तर उपासमारीने मरतं. अशी जगभर पसरलेली चौथी लाट चालू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. बुडालेल्या जहाजावरचं प्रवाळही यातून सुटत नाही. शिवाय त्याच्याखालचा पाया वाढणारा नसतो, झिजणारा असतो. समुद्रात पोलाद वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटरने गंजतं. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे ताटाएवढा दिसणारा गोळा व्हायला निदान दीडेक दशक गेलेलं असतं.

आता यात डायव्हरचा हात कुठे लागतो ते बघा. फिनचा एक फटका, लोंबकळणारा हवेचा मीटर, फोटोसाठी धरलेला कठडा. जहाजावर धरलेला प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा थर ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही, म्हणून त्याखालचं पोलाद हळू गंजतं. तो थर खरवडला की ताजा धातू उघडा पडतो आणि तिथे गंज धावत सुटतो. म्हणून तरंगणं नीट जमल्याशिवाय जहाजाजवळ जाऊ नये. हे तरंगणं पायांनी नाही, श्वासाने सांभाळायचं असतं. छाती थोडी भरली की माणूस बोटभर वर, सोडली की बोटभर खाली. हे ज्याला आलं, त्याला कशालाही हात लावावा लागत नाही.

वस्तू उचलण्याबद्दल. कूस्तोने आणल्या, त्याच्यानंतर आलेल्यांनीही आणल्या. थिसलगॉर्मवरच्या मोटरसायकलींचे कितीतरी सुटे भाग आता कुणाकुणाच्या घरी धूळ खात असतील. २००१ च्या युनेस्को करारानुसार शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या माणसाच्या खुणा वारसा मानल्या जातात, जागच्या जागी ठेवणं हा पहिला पर्याय असतो आणि त्यांचा व्यापार करता येत नाही. थिसलगॉर्मला शंभर व्हायला अजून अवकाश आहे. पण तिथे नऊ जणांचा शेवट झाला, आणि योंगालात तर एकही वाचला नाही. योंगालाच्या आत जायला मनाई आहे, ती निव्वळ पत्रा कमकुवत म्हणून नाही.

थिसलगॉर्मचं आणखी एक नुकसान असं, की ते कोणी मुद्दाम करत नव्हतं. वर थांबणाऱ्या बोटी आपले दोर जहाजाच्या कठड्यांना बांधत, आणि लाटेबरोबर बोट हलली की खाली पत्रे उचकटत. आणि होल्डमध्ये फिरणारे डायव्हर श्वास सोडत. ती हवा वर जाऊन छताखाली अडकायची, चार भिंतींत कोंडलेल्या चकचकीत आरशासारखी. पाण्याखाली दबून असलेल्या पोलादाला तिथे भरपूर ऑक्सिजन मिळायचा आणि गंज वाढायचा. २००७ च्या डिसेंबरमध्ये जहाज काही काळ डायव्हरसाठी बंद केलं गेलं, बोटी बांधायला स्वतंत्र नांगर बसवले, आणि छतांना भोकं पाडली. नांगर दोन वर्षंही टिकले नाहीत. भोकं आहेत. आत कोणी फिरत असलं की बाहेरून डेकवर बुडबुड्यांच्या बारीक माळा उठताना दिसतात, ऐंशी लिटर मिनिटाला.